जोडीदार पाह्यजे

वजन साठाच्या वर, सत्तरच्या आत.
खर्रा खात असला तरी चालते,
पण दोर हाती असताना पुडी सोडायची नाई.
लग्न झालेला असला त बरंच,
त्याले वाट पाहाची सवय असते.

असं वैजू धोटे सांगते, कड्याला पाठ टेकून,
दात-ओठ खात बूट ओढताना.
बूट साडेपाचचा, पाय सातचा.
पुण्याच्या कोणाचा तरी उतरलेला, हजारात घेतला,
आणि आश्रमशाळेतल्या पोरी विचारतात,
मॅडम, तुमची नखं काळी काहून पडली?

धम्मपाल गेला ना नाशिकले, औषधाच्या कंपनीत.
जाताना कमरेचा पट्टा धुऊन, वाळवून,
घडी घालून ठेवून गेला माझ्या ओट्यावर.
सहा वर्षं त्यानं मला धरलं.
घसरलो, की खाली पाहायच्या आत
कमरेला हिसका,
आणि मग त्याची शिवी.

दोर साठ मीटरचा होता. आता चोपन्न.
टोक झिजलं की कापतो.
मुन्नालाल म्हणतो, असाच कापत राहा भाऊ,
आखरीले बकरी बांधाले त पुरन.

बॅटरीचा दिवा काढला तर एकच ठिपका लाल.
"लाइनमनच्या घरी चार्जिंग नाई?"
"रात्री दहापासून लाइन नव्हती."
"मंग फोन कोणाले लावला?"
"बायकोनं मलेच लावला. मी बाजूलेच झोपेल होतो."

हसू ओसरतं तशी वैजू माझ्या गुडघ्याकडे बघते.
सकाळी अकरापर्यंत थ्री फेज, मी सांगतो,
मंग सिंगल. मोटर नाई उचलत, बल्ब लागते.

तिच्याजवळ चांदीच्या कागदातली वडी, साठ रुपयांची,
मागे बारीक अक्षरात सगळी ताकद लिहिलेली.
मुन्नालालच्या फडक्यात तिळासंगं कुटलेली मोहफुलं.
तिनं वडी अर्धी मोडून त्याला दिली.
त्यानं वास घेतला, कुत्र्याकडे पाहिलं,
कुत्र्यानं दुसरीकडे.

मग तो आजोबाचं सांगू लागला.
हाच कडा. वर आग्या मोहोळ,
दोर पळसाच्या मुळ्यांचा, रातभर भिजवलेला.
आणि दोर धराले फक्त साळा.
भाऊ नाई चालत. भाऊ सोडन,
भावाले वावर भेटते.
साळा नाई सोडत,
त्याची बहीण उघडी पडते.

"मले त नवराच नाई," वैजू म्हणाली, "साळा कुठून आणू?"
आणि बूट घातलेल्या पायांनी
बदकासारखी चालत पहिल्या भेगेपाशी गेली.
माझा गुडघा तोवर सिंगल फेजवर आला होता.

मुन्नालाल रेशनच्या काट्यावर एकोणपन्नास भरतो.
काही न बोलता तो नाल्यात उतरला,
पिशवीत गोटे टाकत गेला,
एक उचलून पाहिला, ठेवून दिला, दुसरा घेतला.
पिशवी पोटाशी बांधली, मागून स्वतःला अंजनाच्या झाडाला.
"भरलो आता बासष्ट," म्हणाला,
"लग्नाचं मात्र तुम्ही पाहून घ्या."
मी त्याला पकड दाखवली. एकदा. दुसऱ्यांदा
त्यानंच मला दाखवली.

ती चढली. पहिला टप्पा, मग तो फुगीर दगड
जिथे धम्मपाल नेहमी खालून बडबडायचा,
डावा पाय, डावा, तुझा डावा.
आता कोणी बोलेना.
खाली गावात दिवे लागले, आणि लागल्या लागल्या गेले.
माझा खिसा थरथरायला लागला.

"धरलं का?" वरून.
मुन्नालाल गप्प.
"धरलं का रे?"
मोहोळाखाली बोलत नसतात, हे त्याच्या घरातलं.
डोळे वर, तोंड किंचित उघडं,
घाम नाकाच्या शेंड्यावर, पुसत नव्हता.
अरे सांग ना तिले, मी म्हटलं.
त्यानं दोर दोन बोटं ओढला.

वरून खडी पडली थोडी.
मग तिच्या बुटाचं रबर घासल्याचा आवाज,
आणि माझा फोन, पुन्हा.